हार्ट फेल्युअर, नानांचा अबोला आणि उरलेल्या गोळ्या

सातपूरची_सून

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आमचे नाना (सासरे) ७१ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. गेल्या उन्हाळ्यात मोठा अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, पण पंपिंग कमी राहिलं. तेव्हा इकोमध्ये ईएफ (हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) २८ होता, आता ३५ आहे. पायाची सूज गेली, दमही पुष्कळ कमी झाला. डॉक्टर खूश आहेत. "रिपोर्ट छान आहे" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला.

घरातलं चित्र वेगळं आहे. नाना सावानाचे (सार्वजनिक वाचनालयाचे) जुने सभासद. पुस्तक बदलायला स्वतः जायचे, मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला पुढच्या रांगेत बसायचे. आता पेपर हातात धरतात आणि अर्ध्या तासाने बघावं तर पान तेच. सोसायटीचा हिशेब वर्षानुवर्षं यांनी ठेवला, परवा दुधाचं बिल जुळेना तेव्हा वही मिटवून ठेवून दिली. कुणी आलं तर आत जाऊन पडतात.

गोळ्यांचं सगळ्यात अवघड झालंय. "घेतल्या का?" विचारलं की "घेतल्या" म्हणतात. स्ट्रिप बघितली तर उरलेल्या असतात. आणि मध्येच एखाद्या दिवशी लघवीची गोळी दोनदा घेऊन ठेवतात.

मिस्टर म्हणतात मुद्दाम करतात, लक्ष वेधायला. सासूबाई म्हणतात वय झालं. पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवरच डिमेन्शिया ठरवून टाकला. मला वाटतं ते खचलेत. यातलं नक्की काय आहे आणि दाखवायचं कुणाला? हृदयाच्या डॉक्टरांना हे सांगायचं असतं का, की ते म्हणतील हा माझा विषय नाही?

---

चहात_आलं

ताई, काळजी करू नका. अर्जुनाची साल दुधात उकळून द्या, बदाम भिजवून द्या आणि सकाळी गोदाकाठी फिरायला न्या. आमच्या काकांना फरक पडला.

---

ड्युटीसंपली

फिरायला न्या, हे बरोबर. पण अर्जुनाची साल आधीच चालू असलेल्या दहा गोळ्यांवर डॉक्टरांना न विचारता चढवू नका. आणि मूठभर बदामापेक्षा खारवलेला बदाम घरात येत नाही ना, ते आधी बघा.

मी हृदयरोग विभागात सिस्टर म्हणून काम केलंय, आता घरी असते. ताई, तुम्ही लिहिलंय तसे पेशंट मी दर पाळीला बघितलेत. डिस्चार्जच्या वेळी आम्ही सगळं समजावून सांगायचो: मीठ कमी, पाणी मोजून, रोज वजन, ही गोळी जेवणाआधी, ती नंतर. पेशंट मान हलवायचा. बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन "सिस्टर काय म्हणाल्या?" विचारलं तर काही सांगता येत नसे. नातेवाईक मग म्हणायचे, ऐकतच नाहीत. ऐकत होते हो. डोक्यात टिकत नव्हतं.

डॉक्टरांना नक्की सांगा, आणि "खचलेत" एवढंच नका सांगू. गोळ्या उरतात, लघवीची गोळी दोनदा जाते, हिशेब जमत नाही, असं कागदावर लिहून द्या. पाच मिनिटांच्या भेटीत कागद वाचला जातो.

---

डॉ_अनामिक

फिजिशियन आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पेशंट न तपासता निदान करत नाही, हे गृहीत धरा.

घरातले चौघे चार गोष्टी म्हणताहेत. त्यातली "मुद्दाम करतात" ही पहिली बाजूला काढा. उरलेल्या गोष्टी एकाच माणसात एकत्र असू शकतात, आणि हार्ट फेल्युअरमध्ये त्या बऱ्याचदा असतातच.

२००६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला उपचार लागावा इतपत नैराश्य असतं. आजार जितका पुढे गेलेला तितकं प्रमाण जास्त. लक्षणं जवळपास नसलेल्यांत ११ टक्के, तर बसल्या जागी दम लागणाऱ्यांत ४२. स्मरण आणि विचारशक्तीच्या तक्रारींचे आकडे चाचणीप्रमाणे बदलतात. पण चाचणी नीट केली तर २५ ते ५० टक्के रुग्णांत काहीतरी कमी सापडतं.

यात जुनं नाव-गाव विसरणं पुढे नसतं. आधी मंदावतं ते लक्ष, वेग आणि ज्याला आम्ही एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतो ते, म्हणजे योजना आखणं, क्रम लावणं, एक काम सोडून दुसरं धरणं आणि परत पहिल्यावर येणं. गप्पांत माणूस ठीक वाटतो. लग्न कधी झालं, प्रेसमध्ये कुठल्या सेक्शनला होतो, सगळं सांगतो. दुधाचं बिल आणि दहा गोळ्यांचं वेळापत्रक मात्र कोसळतं, कारण त्याला नेमकी हीच शक्ती लागते. म्हणून घरच्यांना वाटतं, "याला सोयीचं तेवढं आठवतं."

---

निफाडी_थंडी

डॉक्टरसाहेब, म्हणजे हे असं म्हणायचं का, की मोटरीचं प्रेशर कमी झालं की ड्रिपच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसं मेंदूला रक्त कमी पडतं? आमच्या आण्णांचं पण हेच चाललंय. बागेची छाटणी कधी घ्यायची हे त्यांना विचारूनच गाव ठरवायचं. आता विचारलं की "तुमचं तुम्ही बघा" म्हणतात.

---

डॉ_अनामिक

काही अंशी तसंच. पण शरीर मेंदूचा वाटा सहजासहजी कमी करत नाही, आधी इतरांचा कापतं. त्यामुळे इतर कारणंही शोधावी लागतात. आलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) अनियमित फडफडत असेल तर बारीक गुठळ्या जाऊन मेंदूत छोटे, न कळलेले पक्षाघात झालेले असतात. रात्री घोरून श्वास अडकत असेल तर झोप आणि ऑक्सिजन दोन्ही जातात. लोह कमी, हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड बिघडलेलं (ठोके नियमित ठेवायची अमिओडॅरोन ही गोळी चालू असेल तर हे तपासायलाच हवं), मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी१२ कमी.

आणि सोडियम. लघवीच्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरलं की म्हातारा माणूस गुंगल्यासारखा, गोंधळलेला, सुस्त होतो. ताई, नाना मध्येच डोस दुप्पट घेतात असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) या आठवड्यातच करून घ्या. डिजॉक्सिन (हृदयाचंच एक औषध) चालू असेल तर तेही सांगा. मूत्रपिंड थकलेलं असलं की ते अंगात साठतं, मग भूक जाते, मळमळतं, भ्रम होतो.

हे सगळं साध्या रक्ततपासणीत कळतं आणि बहुतेक दुरुस्त होतं. डिमेन्शिया हा शब्द त्यानंतर.

---

पुराव्याने_शाबित

एक शंका. या नैराश्यावरच्या गोळ्या हार्ट फेल्युअरमध्ये चालत नाहीत, असं वाचलंय. दोन मोठे अभ्यास झाले आणि दोन्ही फसले. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन अकरावी गोळी कशाला वाढवायची?

---

मनमोकळे

फसले म्हणजे काय झालं ते बघू या. (मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गोळ्या लिहून देत नाही, त्यामुळे माझा त्यात स्वार्थ नाही.)

२०१० चा अभ्यास सर्ट्रालिनवर होता, ४६९ रुग्ण, १२ आठवडे. गोळी घेणाऱ्यांचं नैराश्य कमी झालं, पण खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांचंही जवळपास तितकंच झालं. एक बारीक गोष्ट बातम्यांत येत नाही: दोन्ही गटांना नर्सचा नियमित आधार होता, विचारपूस होती, ऐकून घेणं होतं. २०१६ चा जर्मनीतला अभ्यास एस्सिटॅलोप्रॅमवर, ३७२ रुग्ण, पुष्कळ लांब चाललेला. त्यातही मृत्यू किंवा हॉस्पिटलात भरती कमी झाली नाही आणि मनःस्थितीतही खोट्या गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही.

तेव्हा "गोळी दिली की काम झालं" हे खरं नाही, इथवर सहमत. पण त्यावरून "काहीच करू नका" असा अर्थ निघत नाही. २०१५ मध्ये याच आजाराच्या रुग्णांवर सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा) अभ्यास झाला आणि त्यात नैराश्य खरोखर उतरलं. पथ्यपाणी आणि गोळ्या सांभाळण्यात मात्र सुधारणा झाली नाही. मला हा निकाल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मन हलकं झालं म्हणजे गोळ्या आपोआप वेळेवर जातील, असं समजू नका. ती व्यवस्था वेगळी लावावी लागते.

आणि नैराश्य तीव्र असेल, जेवण सुटलं असेल, मरणाची भाषा असेल, आधी कधी येऊन गेलेलं असेल, तर गोळीचा विचार मानसोपचारतज्ज्ञ करतातच. तो त्यांना करू द्यावा.

---

पुराव्याने_शाबित

ठीक. नर्सवाला मुद्दा माहीत नव्हता.

---

डॉ_अनामिक

गोळ्यांबद्दल भर घालतो. सर्ट्रालिन हृदयरुग्णांत सुरक्षित ठरलेली आहे. जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या (ॲमिट्रिप्टिलीनसारख्या) मात्र हार्ट फेल्युअरमध्ये टाळतात. झोपेसाठी किंवा मुंग्या येतात म्हणून कुणीतरी लिहून दिलेली ती गोळी घरात असते, तेव्हा सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून दाखवायला न्या. सिटॅलोप्रॅम वयाच्या साठीनंतर २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, ईसीजीत गडबड होते. आणि सर्ट्रालिन, सिटॅलोप्रॅमच्या गटातल्या बहुतेक गोळ्या लघवीच्या गोळीबरोबर सोडियम आणखी उतरवू शकतात. सुरू केल्यावर रक्त तपासून घ्यायचं.

बीटा ब्लॉकरने (ठोके मंद करणाऱ्या हृदयाच्या गोळीने) डिप्रेशन येतं म्हणून ती बंद करणारे पेशंट मी बघतो. २००२ साली अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा नैराश्याशी संबंध दिसला नाही, थकवा मात्र थोडा वाढतो. हार्ट फेल्युअरमध्ये हीच गोळी आयुष्य वाढवते. मनाने बंद करू नका.

---

ईएफ_पस्तीस

इथे सगळे पेशंटबद्दल बोलताहेत म्हणून पेशंट लिहितो. पंचवटीत राहतो, वय ५८, तीन वर्षांपूर्वी हेच झालं. (आपल्याकडे हा आजार लवकर येतो. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदणीत २०१३ साली १२०५ रुग्ण घेतले, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. म्हणजे मी काही अपवाद नाही.)

मला कुणी विचारलं असतं "दुःखी आहात का?" तर मी नाही म्हणालो असतो, आणि ते खोटं नव्हतं. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. मॅच लावली तरी स्कोअर कळत नव्हता, नातू अंगावर उडी मारायचा तर छातीत काही होईल या भीतीने मी त्याला दूर करायचो. रात्री झोपायची भीती, डोळा लागला आणि उठलोच नाही तर. बायकोला सांगणार कसं? ती आधीच माझ्या पाण्याचे पेले मोजत बसलेली.

आणि अक्कल मंद झाल्याची लाज फार असते. मी बँकेत होतो. स्लिप भरताना आकडा चुकला तेव्हा घाम फुटला. त्यानंतर मी स्लिप भरायचंच सोडलं. लोकांना वाटलं आळशी झाला. तुमच्या नानांनी वही मिटवली, ती मला लगेच कळली.

ताई, त्यांना "आठवत नाही का?" असं विचारू नका. फार लागतं. "चला, दोघं मिळून बघू" म्हणा.

---

सातपूरची_सून

@ईएफ_पस्तीस, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना वाचायला दिला. काही बोलले नाहीत, पण रात्री नानांच्या गोळ्या त्यांनी स्वतः काढून दिल्या.

@मनमोकळे, नैराश्य आणि हृदयाचा थकवा यात फरक कसा ओळखायचा? झोप, भूक, दमणूक तर दोन्हीकडे असतंच.

---

मनमोकळे

बरोबर प्रश्न. थकवा, झोप, भूक यांवरून फसगत होते. म्हणून दुसरीकडे बघा. फक्त हृदय थकलेलं असेल तर माणसाला करावंसं वाटतं पण झेपत नाही. व्याख्यानमालेला जायचंय, पण घाटाच्या पायऱ्या नकोत. नैराश्यात जावंसंच वाटत नाही, खुर्ची दारात आणून दिली तरी. त्याच्या जोडीला "मी तुमच्यावर ओझं", "माझ्यावर पैसा घालू नका" अशी वाक्यं येतात.

क्लिनिकमध्ये सुरुवात दोन प्रश्नांनी करतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, हताश वाटतंय का. यातून काही निघालं तर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ असते. २७ पैकी गुण, १० किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासायचं. तिचा नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो टाळू नका. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाहीत.

स्मरणासाठी मोका नावाची ३० गुणांची चाचणी आहे, मराठीतही मिळते. घड्याळ काढणं, आकडे-अक्षरं क्रमाने जोडणं असं त्यात असतं, त्यामुळे ही हिशेबवाली कमतरता पकडली जाते. पण ऐकू नीट येत नसेल, चष्मा जुना असेल, शिक्षण कमी असेल तर गुण उगाच कमी येतात. हॉस्पिटलातून सुटल्या-सुटल्या तर करूच नका, तेव्हा बऱ्याच जणांचं डोकं तात्पुरतं भरकटलेलं असतं. आणि नैराश्य असतानाही गुण घसरतात. म्हणून आधी त्यावर उपचार, काही महिन्यांनी परत चाचणी. तेव्हा कळतं किती परत आलं.

---

चहात_आलं

अवांतर होईल, पण व्हॉट्सॲपवर फिरतंय की हार्ट फेल्युअरच्या त्या नव्या महागड्या जोडगोळीने मेंदूत कचरा साठतो. खरं का?

---

डॉ_अनामिक

सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन. ती गोळी जे एन्झाइम अडवते तेच मेंदूतलं अमायलॉइड (फॉरवर्डमधला तो "कचरा") साफ करायलाही मदत करतं, म्हणून शंका रास्त होती. ती तपासायला मुद्दाम चाचणी केली: साठीपुढचे ५९२ रुग्ण, ईएफ चाळीसच्या वर, तीन वर्षं. नुसतं व्हॅल्सार्टन घेणाऱ्यांपेक्षा बुद्धीत जास्त घसरण दिसली नाही. २०२२ मध्ये निकाल आले. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो भाग कापलेला दिसतो.

---

ड्युटीसंपली

आता गोळ्यांकडे येते, कारण अ‍ॅडमिट व्हायची वेळ तिथूनच येते.

केमिस्टकडे सात दिवसांचे, सकाळ-दुपार-रात्र असे खाने असलेले डबे मिळतात. रविवारी नानांना शेजारी बसवून भरा. डबा तुम्ही भरा, पण झाकण त्यांना उघडू द्या. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: यातल्या कुठल्या एकत्र करता येतील, दिवसातून एकदाच घ्यायच्या कुठल्या होतील? बऱ्याच होतात, विचारलं जात नाही एवढंच. लघवीची गोळी मात्र डब्यात ठेवू नका. ती सासूबाईंच्या ताब्यात, हातात द्यायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. दोनदा जाण्याचा प्रश्न तिथे मिटतो.

वजन सकाळी, लघवीनंतर, चहाआधी, एकाच काट्यावर. त्याच कॅलेंडरवर आकडा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, फोन करायचा. यात नानांना डोकं चालवावं लागत नाही. आकडा लिहिणं त्यांच्याकडेच ठेवा, आयुष्यभर आकडे लिहिलेला माणूस आहे.

मिठाबद्दल आपण नाशिककर वेगळेच. भाजीतलं मीठ कमी करतात आणि रविवारी मिसळीबरोबर पापड, चार वाजता चिवडा. हे खारट धरत नाहीत कुणी! महिन्यातून कधीतरी मिसळ खाल्ली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण पापड, लोणचं, फरसाण, चिवडा हे रोजचं बंद.

---

निफाडी_थंडी

आम्हाला नाशकात दर वेळी मोठ्या हॉस्पिटलात जाणं परवडत नाही. द्राक्षाचे पैसे यायचे तेव्हा येतात. सरकारीत काही सोय आहे का? आणि गावात मानसोपचाराचं नाव काढलं की लोक वेगळंच समजतात. आण्णा तर येणारच नाहीत.

---

ड्युटीसंपली

शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथे हृदयाचा विभाग आहे. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते. महात्मा फुले योजनेत बसतं का हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि मराठीत. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलं. आण्णांच्या आधी तुम्ही स्वतः फोन केला तरी चालतो, घरच्यांनाही सल्ला देतात.

नाव मानसोपचाराचं काढूच नका. "हृदयाच्या डॉक्टरांनी झोप आणि थकव्यासाठी पाठवलंय" म्हणा. ते खोटंही नाही.

---

मनमोकळे

आण्णांसाठी आणखी एक. "तुमचं तुम्ही बघा" म्हणाले तरी छाटणीला त्यांना बागेत न्या. निर्णय मागू नका, एक छोटी गोष्ट विचारा: या वेलीची काडी बघून काय वाटतं? उत्तर नाही आलं तरी चालेल. इच्छा झाली की करीन, म्हणून नैराश्यात बसून राहिलं तर इच्छा येत नाही. आधी थोडं करायचं, इच्छा मागून येते.

चालण्याचाही फायदा मोजलेला आहे. हार्ट फेल्युअरच्या २,३३१ रुग्णांवर व्यायामाचा अभ्यास झाला, त्यात नैराश्याची लक्षणं थोडी का होईना कमी झाली. डॉक्टरांनी मुभा दिली की सपाट रस्त्यावर, बोलता बोलता चालता येईल इतपत वेगाने. नाशिकवाल्यांना कृषीनगरचा ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदान आहे. निफाडच्या हिवाळ्यात मात्र पहाटे नको, ऊन वर येऊ द्या.

---

ईएफ_पस्तीस

पैशांचं कुणी बोललं नाही. माझी अक्कल मंद होती त्याच काळात मला "केवायसी बंद होईल" असा फोन आला आणि मी ओटीपी सांगायच्या बेतात होतो, मुलाने फोन ओढला. नानांचं पेन्शन खातं असेल तर एसएमएस मुलाच्या मोबाइलवरही येईल असं करा आणि खात्यातली मोठी रक्कम एफडीत टाका. त्यांचा मान ठेवून, त्यांना विचारून. स्कूटर चालवत असतील तर तेही डॉक्टरांना विचारा.

---

सातपूरची_सून

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

रक्त तपासलं. सोडियम १२८ निघालं, हिमोग्लोबिनही कमी. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस बदलला, लोहाची तपासणी सांगितली आणि गोळ्यांची वेळ दोनदाच केली. कागद लिहून नेला होता, तो त्यांनी पूर्ण वाचला. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मी मागायच्या आत त्यांनीच दिली. तिथे पीएचक्यूचे १४ आले. नववा प्रश्न विचारला तेव्हा नाना म्हणाले, "मरायचं नाही, पण जगून करायचं काय ते कळत नाही." सासूबाई बाहेर बसल्या होत्या, ते बरं झालं. सध्या गोळी नाही, दर आठवड्याला समुपदेशन, आणि सोडियम सुधारल्यावर परत बघणार आहेत. मोका तीन महिन्यांनी.

नणंदबाईंना कळवलंय, डिमेन्शियाचा निकाल राखून ठेवला आहे म्हणून.

एक प्रश्न राहिला. वजन ते रोज लिहितात, पण काटा जुना आहे, दोनदा उभं राहिलं तर अर्ध्या किलोचा फरक दाखवतो. डिजिटल घ्यावा का?

---

ड्युटीसंपली

घ्या, पण तो महागडा, चरबी-हाडं मोजणारा नको. आकडे मोठे दिसणारा साधा घ्या. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. आणि पहिल्या दिवशी दोन्ही काट्यांवर वजन करून कॅलेंडरवर लिहा, नाहीतर काटा बदलल्याच्या दिवशी दोन किलो वाढले म्हणून घाबरून फोन कराल. सोडियम परत कधी तपासायचंय?

---

सातपूरची_सून

पुढच्या सोमवारी. रिपोर्ट आला की इथेच टाकते.

---

निफाडी_थंडी

आमची पण सोमवारची शालिमारची वेळ ठरलीय. आण्णांना झोपेचंच सांगितलंय. सगळ्या स्ट्रिपांची पिशवी भरली, त्यात मुंग्यांची म्हणून दिलेली ॲमिट्रिप्टिलीन निघाली. बंद करू का, की तशीच दाखवू?

---

डॉ_अनामिक

पिशवीत ठेवून दाखवा. रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका, किती दिवसांपासून आणि किती मिलिग्रॅम ते चिठ्ठीवर लिहून न्या. सोमवारच्या आत चक्कर, छातीत धडधड किंवा लघवी अडकणं असं काही झालं तर थांबू नका, लगेच दाखवा.